वडनेरची पेटी

पाहुणे येऊन बसले होते. हार आले होते. लाउडस्पीकरवाल्याचं "हॅलो, हॅलो" करून झालं होतं. स्टेजवर एका बाजूच्या दोन खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या, आणि आमचे अध्यक्ष वकीलसाहेब एकदा त्या खुर्च्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते.

शेवटी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बाई, तुमचे सत्कारमूर्ती कुठं आहेत?"

"येतील, साहेब."

"येतील नको. घेऊन या. पाहुण्यांना मलकापूरला गाडी पकडायची आहे."

मी मांडवाच्या मागून बाहेर पडले. अंगावर नवी साडी, चपलेचा अंगठा तुटायच्या बेतात, आणि बुलढाण्याचे चढउताराचे रस्ते. मी जवळजवळ पळत निघाले. नोकरीत मी नवीन होते आणि या सत्काराची कल्पना माझीच होती.

थोडं मागचं सांगते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी नागपूरला ग्रंथपालनाचा कोर्स करून आले आणि बुलढाण्याच्या एका सार्वजनिक वाचनालयात लागले. कोर्समध्ये आम्हाला वर्गीकरण शिकवलं होतं, म्हणजे कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आणि का ठेवायचं ते. कॅटलॉग करायला शिकवलं होतं. पण पगारी माणसं दोनच असली, एक आपण आणि एक शिपाई, तर एवढं मोठं वाचनालय चालवायचं कसं, हे काही शिकवलं नव्हतं. ते मला तिथं आल्यावर कळलं. वाचनालय आम्ही दोघं चालवतच नव्हतो. ते तीन बिनपगारी माणसं चालवत होती.

पहिले नाना. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात येऊन बसले. आमचं वाचनालय कोर्ट-कचेरीच्या वाटेवर. तारखेला आलेली खेड्यातली माणसं पुकारा होईपर्यंत आमच्या हॉलमध्ये टेकायची. त्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नसे. नाना त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. नुसतं वाचत नसत. धरणाची बातमी असली तर धरण कुठं, कोणाच्या शेतात पाणी जाईल, सगळं समजावत. लायब्ररीत शांतता पाळावी अशी पाटी आमच्याकडे होती, पण ती नानांच्या पाठीमागे लावलेली होती, त्यामुळं त्यांना दिसत नसे.

दुसऱ्या द्वारकाबाई. त्यांच्या घरचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं आणि त्या स्वतः टोपली घेऊन घरोघर बांगड्या भरायला जात. त्या काळी घरातल्या बायका वाचनालयात येत नसत. कोणी बंदी केली नव्हती, पण येत नसत. द्वारकाबाईंनी एक दिवस टोपलीत बांगड्यांच्या शेजारी दोन कादंबऱ्या ठेवल्या. मग चार ठेवल्या. मी लागले तेव्हा त्यांची टोपली अर्धी आमची झाली होती. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. पुस्तक देताना त्या बाईजवळ घटकाभर बसत आणि मागच्या पुस्तकात काय झालं ते तिच्याकडून ऐकून घेत. बांगडी घालायची नसली तरी बायका त्यांची वाट बघायच्या.

वकीलसाहेबांच्या आई, त्यांना सगळे माई म्हणत, त्यांपैकीच एक. माईंना वैधव्य येऊन बरीच वर्षं झाली होती. घराबाहेर पडणं जवळजवळ बंद. विधवा बाईसाठी कासारीण कशाला थांबेल? ती यायची सुनेसाठी. पण द्वारकाबाई सुनेचं काम आटोपलं की आतल्या खोलीत माईंकडे जात, पदराखालून पुस्तक काढत आणि तिथंच बसत.

तिसरे वानखडे गुरुजी. ते बुलढाण्याचे नव्हते, वडनेर भोलजीचे. तिथं प्राथमिक शाळेत शिक्षक. आमच्याकडे फिरत्या पेट्या होत्या. फिरती पेटी म्हणजे कडीकुलपाची लाकडी पेटी, तिच्यात निवडलेली पुस्तकं. ती एसटीच्या टपावरून खेड्यात जायची, तिथं कोणीतरी सांभाळायचं, गावकऱ्यांना पुस्तकं वाचायला द्यायची आणि महिन्यानं पेटी बदलून न्यायची. कागदावर अशा पेट्या बऱ्याच गावांना होत्या. पण काही गावांत पेटीवर बसून लोक गप्पा मारत, एका गावात तिच्यात ज्वारीचं बियाणं ठेवलं होतं. वडनेरची पेटी मात्र दर खेपेला हाताळून हाताळून मऊ झालेली पुस्तकं घेऊन परत येई. गुरुजी शाळा सुटल्यावर आपल्या ओसरीवर ती उघडत. सुटीच्या दिवशी ती घेऊन मोताळ्यावरून, राजूरचा घाट चढून बुलढाण्याला येत. उसवलेली पुस्तकं घरी शिवून, खळ लावून आणत. टपावर पेटी चढवताना हमालालाही हात लावू देत नसत.

गुरुजींच्या घरानं काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. त्यांचं घर गावाच्या कडेच्या वस्तीत होतं. ही गोष्ट मला ठाऊक होती आणि कमिटीलाही ठाऊक होती.

वर्धापनदिन जवळ आला तेव्हा मी कमिटीपुढं विषय काढला. ही तिघं एवढं करतात, चारचौघांत त्यांचं कौतुक व्हावं. वकीलसाहेबांना कल्पना आवडली. शाल, श्रीफळ, नागपूरचे पाहुणे, सगळं त्यांनी पटापट ठरवलं. मग माझ्या कागदावरची नावं वाचली आणि तिसऱ्या नावावर पेन ठेवलं.

"वडनेरच्या माणसाला इथवर कशाला त्रास?"

"ते दर महिन्याला येतातच, साहेब."

"निमंत्रणाच्या कार्डावर जागा नाही. दोनच नावं नीट बसतात."

मी परत म्हटलं, नावं लहान टाइपात घेता येतील. कमिटीतले बाकीचे सभासद खिडकीबाहेर बघायला लागले. वकीलसाहेब पुढच्या विषयाकडे वळले. खरं कारण कोणी बोललं नाही. खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत असल्यामुळं बोलायची गरजही नव्हती.

तर त्या दिवशी मी पळत पळत आधी नानांकडे गेले. नाना ओट्यावर बसले होते. परीटघडीचं धोतर, कोट, टोपी. शेजारी काठी टेकवलेली. अगदी तयार.

"नाना, चला. सगळे खोळंबलेत."

"बाई, मी सकाळपासून तयार होऊन बसलो आहो," नाना म्हणाले. "पण पाय उचलून नाही राह्यला. तुम्ही द्वारकाबाईले विचारा. मले नीट सांगता येत नाही."

द्वारकाबाई दुकानात होत्या. काचेच्या बांगड्यांचे जोड दोऱ्यात ओवत होत्या. मला बघून त्यांनी बसायला पाट दिला. मी उभीच राहिले. त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं ते असं.

मागच्या आठवड्यात गुरुजी पेटी बदलायला आले होते. मी आत त्यांच्यासाठी पुस्तकं काढत होते, त्यामुळं बाहेर काय झालं ते मला कळलं नव्हतं. बाहेर हॉलमध्ये बोर्डावर कार्यक्रमाचं छापील कार्ड लावलेलं होतं. गुरुजी त्यापुढं उभे राहिले. नाना तिथंच होते, द्वारकाबाई पुस्तकं परत द्यायला आल्या होत्या.

"त्या माणसानं कार्ड वाचलं. मी पाहून राह्यली होती. एकदा वाचलं, मंग पुन्हा वाचलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "अन् मंग आमच्याकडे वळून म्हणाला, नाना, अभिनंदन. द्वारकाबाई, तुमचंही. बाई, तो रागावला असता तं मी आली असती. पण त्यानं अभिनंदन केलं. आता त्या खुर्चीवर मी कशी बसू?"

मी परत निघाले. येताना पळाले नाही.

मांडवात येऊन मी वकीलसाहेबांच्या कानात सांगितलं की दोघं येत नाहीत. का, ते पण सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण ते कोर्टात उभे राहणारे माणूस, समोर पंचाईत झाली तरी पुढं कसं जायचं हे त्यांना माहीत. त्यांनी माइक हातात घेतला, सत्कारमूर्ती अचानक आजारी पडल्याचं सांगितलं आणि त्या दोन शाली कमिटीच्या खजिनदारांच्या आणि मांडव देणाऱ्या गृहस्थांच्या खांद्यांवर घातल्या. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी निःस्वार्थ सेवेवर चांगलं भाषण केलं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब कोर्टात जायच्या आधी वाचनालयात आले. बसले नाहीत.

"उद्यापासून बाहेरच्या माणसांनी काउंटरच्या आत यायचं नाही. पुस्तकं मेंबरनं स्वतः येऊन न्यायची. हॉलमध्ये मोठ्यानं वाचन बंद. नियमात जे आहे ते चालेल."

"साहेब, ज्यांना वाचता येत नाही त्यांना पेपर कोण वाचून दाखवणार?"

"ज्यांना वाचता येतं ते वाचतील."

"आणि घरच्या बायका?"

"ज्यांना यायचं आहे त्या येतील. संस्थेचा जाहीर अपमान करणाऱ्यांच्या मेहेरबानीवर संस्था चालत नाही, बाई."

"आणि वडनेरची पेटी?"

"ती नियमात आहे. ती चालू द्या," म्हणाले आणि गेले.

नियमाप्रमाणं वाचनालय चालायला लागलं. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायचा. तारखेला आलेली माणसं दारातून डोकवायची, नाना नाहीत असं दिसलं की कोर्टापुढच्या लिंबाखाली जाऊन बसायची. बायकांच्या पुस्तकांचं कपाट भरलेलं राहायला लागलं. ग्रंथपालाला भरलेलं कपाट बघून बरं वाटत नाही, हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण भरलेलं कपाट म्हणजे कोणी काही नेलेलं नाही.

वकीलसाहेब मनानं वाईट नव्हते. वाचनालयाची इमारत त्यांनी दारोदार फिरून उभी केली होती. एरवी मला ते मुलीसारखं वागवायचे. पण एकदा बोललेला शब्द मागं घ्यायचा म्हणजे त्यांना केस हरल्यासारखं वाटे. मी दोनदा विषय काढून बघितला. दोन्ही वेळा त्यांनी पुस्तकांना वाळवीचं औषध मारलं का, असं विचारलं.

पुढच्या खेपेला गुरुजी पेटी घेऊन आले. हॉल रिकामा बघून त्यांनी मला विचारलं, आणि झालेलं सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांना ठाऊकच नव्हतं. ऐकून ते पेटीवरच बसले.

"माझ्यासाठी त्यांनी असं करायला नको होतं," ते म्हणाले. "मी काही सत्कारासाठी पेटी नेत नाही, बाई." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण घरी गेल्यावर मी बायकोला सहज सांगितलं की वाचनालयात काम करणाऱ्यांचा सत्कार आहे. ती म्हणाली, मग तुम्ही कोणता सदरा घालून जाल?"

त्यांनी पेटी बदलली आणि ते गेले. जाताना नानांच्या घरी जाऊन आले, द्वारकाबाईंच्या दुकानावरही गेले, असं मला नंतर कळलं. दोघांना त्यांनी विनवलं की माझ्यासाठी अडून बसू नका, साहेबांना भेटा, वाचनालयात परत जा. दोघांनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

यानंतर जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती.

एका दुपारी वाचनालयाच्या दारात टांगा थांबला. त्यातून वकीलसाहेबांची सून उतरली आणि तिनं हात देऊन माईंना उतरवलं. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात एक जुनं पुस्तक. माई कितीतरी वर्षांनी घराबाहेर पडल्या होत्या. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्यांनी पुस्तकच कपाळाशी आडवं धरलं होतं. मी धावत पायऱ्या उतरले.

माई हॉलमध्ये आल्या. त्यांनी कपाटांकडे पाहिलं, टेबलांकडे पाहिलं. एवढी पुस्तकं वाचली, पण ती कुठून येतात ती जागा त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मी खुर्ची दिली. त्या बसल्या आणि मला म्हणाल्या, "बापूनं नियम केला म्हणे, पुस्तक पाह्यजे तं मेंबरनं स्वतः यावं. मी मेंबर व्हायले आली."

मी शिपायाला कोर्टात पाठवलं. दुसरं काय करणार?

वकीलसाहेब काळ्या कोटातच आले. त्यांच्या मागं दोन पक्षकारही आले, त्यांना दारातच थांबावं लागलं. आईला वाचनालयाच्या खुर्चीवर बसलेलं बघून ते एकदम लहान दिसायला लागले.

"आई, घरी चल. काय पाहिजे ते मी पाठवतो."

"तू पाठवलं नं पुस्तक. शिपायाच्या हातानं तीनदा पाठवलं," माई म्हणाल्या. "मले पुस्तक नको, बापू. मले ती बाई पाह्यजे."

"कोणती बाई?"

"बांगड्यावाली. ती येते, बसते, मी वाचलेलं तिले सांगतो. दिवसभरात माह्याशी तेवढंच कोणी बोलते."

हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. तक्रार केल्यासारखं नाही. सून खाली बघत होती. वकीलसाहेब उभे होते ते बाकावर बसले.

मग माईंनी विचारलं, ती यायची बंद काऊन झाली. वकीलसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, साहेबच सांगतील. त्यांनी सांगितलं. वकील असून त्यांना ती हकीकत नीट मांडता येत नव्हती. वडनेरच्या गुरुजींपर्यंत आले आणि थांबले.

"त्याचं नाव काऊन नाही घातलं?"

"कार्डावर जागा नव्हती, आई."

"मंग मोठं कार्ड छापायचं होतं," माई म्हणाल्या.

पक्षकारांपैकी एक जण खोकला. वकीलसाहेबांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. माईंना टांग्यात बसवून दिलं. परत हॉलमध्ये आले आणि मला म्हणाले, "वडनेरची पेटी कधी जाते?"

"गुरुजी न्यायला येतात, साहेब. रविवारी."

"या रविवारी त्यांना येऊ नका म्हणावं. आपण घेऊन जाऊ."

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. पेटी टपावर, वकीलसाहेब खिडकीशी, मी मागच्या सीटवर, आणि माझ्या शेजारी द्वारकाबाई. त्यांना आणायला मी नाही, वकीलसाहेब स्वतः दुकानावर गेले होते. काय बोलले ते मला माहीत नाही. नानांना घाटात चक्कर येते म्हणून ते आले नाहीत, पण त्यांनी आम्हाला स्टँडवर सोडायला येऊन कंडक्टरला पेटी जपून ठेवायला दोनदा बजावलं. घाट उतरला तशी हवा गरम झाली. मोताळ्याच्या पुढं दोन्ही बाजूंना कापूस उभा होता.

गुरुजी वडनेरच्या स्टॉपवर उभे होते. वकीलसाहेबांना उतरताना पाहून त्यांनी आधी नमस्कार केला आणि मग टपावर चढले. पेटी उतरवून घेतली. एका बाजूची कडी गुरुजींनी धरली. दुसरी कडी मी धरायला गेले तर वकीलसाहेबांनी मला बाजूला केलं. स्टॉपपासून गुरुजींच्या घरापर्यंत, हमरस्ता ओलांडून, चावडीच्या समोरून, ते दोघं ती पेटी धरून चालत गेले. वकीलसाहेबांना ओझ्याची सवय नव्हती. ते मधेमधे थांबत आणि हात बदलत. चावडीवर बसलेली माणसं उठून बघायला लागली.

घर लहान होतं, पण ओसरी शेणानं सारवून स्वच्छ केलेली. वाचणारी काही मंडळी आधीच येऊन बसली होती. बहुतेक त्याच वस्तीतली. गुरुजींच्या बायकोनं सतरंजी टाकली आणि थोड्या वेळानं कपबशीतून चहा आणला.

द्वारकाबाईंनी आणि मी कप घेतले. वकीलसाहेबांनीही घेतला, पण ते बोलतच राहिले. शाळेचं, पावसाचं, एसटीच्या वेळेचं. कप हातात तसाच. गुरुजींची बायको दाराच्या चौकटीला धरून त्या कपाकडे बघत होती. मीही बघत होते. मग वकीलसाहेब बोलायचे थांबले आणि त्यांनी चहा प्याला. सगळा प्याला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, कार्डावर तुमचं नाव राहून गेलं."

गुरुजींनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"राहून गेलं नाही, साहेब. घातलं नाही."

मला वाटलं आता वकीलसाहेब उठतील आणि परतीची एसटी गाठतील.

"हो," वकीलसाहेब म्हणाले. "मी घातलं नाही."

वकीलसाहेबांनी विचारलं, आता तुमच्यासाठी वाचनालयानं काय करावं? शाल नको, हे गुरुजींनी आधी सांगून टाकलं. मग ते म्हणाले, "देता आली तर एक पाटी द्या."

"पाटी?"

"वाचनालयाची. या ओसरीवर लावायला." गुरुजींनी हातानं गावाकडे दाखवलं. "तिकडच्या पुष्कळांना वाचायचं असतं, साहेब. मुलं शाळेत माझ्याजवळ पुस्तक मागतात, घरी नेतात. पण मोठी माणसं इथं येत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं हे माझं घर आहे. पाटी लागली तर हे वाचनालय होईल. मग यायला त्यांना कारण मिळेल."

वकीलसाहेबांनी मान हलवली. परतीच्या एसटीत घाट चढताना त्यांनी मागं वळून द्वारकाबाईंना विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?" द्वारकाबाईंना बहुतेक हा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं. तरी मोताळ्यापासून हाच विचार करत आल्यासारखं तोंड करून त्या म्हणाल्या, "दुपारून एक तास बायकाइसाठी ठेवा. माणसं नको. माई आल्या तं बाकीच्याही येतीन." नानांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ते म्हणाले, मलकापूरहून पेपरचा गठ्ठा येतो तो एजंटच्या दुकानात पडून राहते अन् आपल्याले शिळा पेपर मिळते. शिपायाला स्टँडवर पाठवून गठ्ठा थेट घ्या. कंपाउंडर असताना औषधाची तारीख बघायची सवय, तीच त्यांनी पेपरला लावली होती.

तिघांनाही जे पाहिजे ते मिळालं. काही जाहीर झालं नाही. नाना पुन्हा हॉलमध्ये पेपर वाचून दाखवायला बसले. दुपारचा तास सुरू झाला. पहिल्या दिवशी माई आणि त्यांची सून एवढ्याच होत्या. महिन्याभरात खुर्च्या कमी पडायला लागल्या. द्वारकाबाई मधे टोपली ठेवून बसत आणि सगळ्या एकाच वेळी आपापल्या पुस्तकातलं सांगत. त्या तासाला हॉलमध्ये जो गलका व्हायचा त्यापुढं नानांचं वाचन काहीच नव्हतं.

पाटी बुलढाण्याच्या पेंटरकडून पत्र्यावर करून घेतली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. वर वाचनालयाचं नाव, खाली 'शाखा वडनेर भोलजी'. मी एवढंच लिहून दिलं होतं. पाटी तयार होऊन आली तेव्हा तिच्यावर आणखी एक ओळ होती, 'शाखाप्रमुख' आणि पुढं गुरुजींचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. वकीलसाहेब पेंटरकडे परस्पर जाऊन आले होते. नाव लांब होतं. पेंटरनं ते बसवण्यासाठी मोठा पत्रा घेतला होता.

पाटी लागल्यावर सगळं वडनेर गुरुजींच्या ओसरीवर लोटलं असं झालं नाही. ते सांगितलं तर खोटं होईल. काही जण आले. आधी दुपारच्या उन्हात, कोणी बघत नसताना. काही जण दारात उभे राहूनच पुस्तक मागत. वरच्या आळीतला एक म्हातारा मात्र रोज येऊन ओसरीवर बसायला लागला, आणि तो बसतो म्हटल्यावर बाकीच्यांना आढेवेढे घ्यायला फारशी जागा राहिली नाही. गुरुजींच्या बायकोला चहाचे कप वाढवावे लागले. पुढं पेटीतली पुस्तकं पुरेनात म्हणून वडनेरला दुसरी पेटी सुरू केली. तिच्यातली पुस्तकं पण दर खेपेला मऊ होऊनच परत यायची.

मी बुलढाण्यात बरीच वर्षं काढली. मग नोकऱ्या बदलल्या, दुसरी वाचनालयं आली, मोठी इमारत, जास्त कपाटं. पण हॉलमध्ये आवाज असलेलं ते वाचनालय मला अजून आठवतं. नाना गेले, माई गेल्या, गुरुजी मुख्याध्यापक होऊन रिटायर झाले. द्वारकाबाईंची शेवटची भेट शेगावला झाली, देवळाबाहेरच्या बाजारात. त्या माझ्या मनगटाकडे बघून म्हणाल्या, बाई, बांगड्या फार साध्या घालता तुम्ही. आणि तिथंच रस्त्याच्या कडेला बसवून त्यांनी माझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या.

फुकट काम करणाऱ्या माणसांचे सत्कार मी नंतरही पुष्कळ केले. फक्त आधी प्रत्येकाला एकटं गाठून विचारून घ्यायचे की तुम्हाला काय पाहिजे, आणि कोण राहून गेलं आहे. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं ऐकून कमिट्या वैतागायच्या. पहिल्याची उत्तरं सोपी असायची. पाठ असलेली खुर्ची, खिडकीची काच. एका गृहस्थांनी तर फक्त छत्री अडकवायला खुंटी मागितली होती. ती मी त्याच दिवशी ठोकून घेतली.